गोव्यातल्या घरी हॉट टब: जागा ठरवण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

म्हापशाजवळच्या आमच्या घरी हॉट टब आला तो जानेवारीत. वडिलांच्या गुडघ्यांना उबदार पाण्यात आराम पडतो हे लक्षात आल्यावर सगळ्यांनी मिळून तो घ्यायचे ठरवले होते. अंगण सुके होते, रात्री हवेत गारवा होता, आणि त्या दिवसांत घेतलेला प्रत्येक निर्णय आम्हाला बरोबरच वाटत होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांपैकी निम्मे चुकीचे ठरले. त्यामुळे पुढे प्रत्येक टप्प्यावर मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे, तो म्हणजे पावसात याचे काय होईल?

त्याआधी शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच जकुझी म्हणतात. जकुझी हे मुळात इटलीहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका कुटुंबाचे आणि त्यांच्या कंपनीचे नाव आहे. घरातल्या संधिवाताने आजारी मुलासाठी तयार केलेला, बाथटबात सोडायचा त्यांचा पंप १९५६ साली बाजारात आला आणि नाव रूढ झाले. न्हाणीघरातल्या जकुझीचे पाणी प्रत्येक वापरानंतर सोडून देतात. हॉट टबात मात्र तेच पाणी दोन-तीन महिने राहते, आणि तेही कोमट. पुढची बरीचशी काळजी या एका फरकातून आलेली आहे. विक्रेत्याशी बोलताना आपण नेमके काय घेत आहोत, हे म्हणूनच आधी स्पष्ट करून घ्यावे.

१. वजनाचा हिशेब करून मग जागा ठरवा

चार-पाच जणांच्या टबात साधारण १,२०० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच १,२०० किलो झाले. रिकामा टब अडीचशे-तीनशे किलोंचा असतो आणि पाच माणसे बसली की आणखी साडेतीनशे किलो धरावे लागतात. दोन मीटर लांब आणि तितक्याच रुंद टबाखाली हा भार दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या वर जातो. घरातल्या खोल्यांचे स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून आखलेले असतात. गच्चीवर, पहिल्या मजल्यावर किंवा जुन्या घराच्या लाकडी तक्तपोशीवर टब ठेवण्याचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. "शेजारच्या व्हिलात ठेवलाय की" हे लेखी मत नव्हे.

जमिनीवर ठेवायचा असेल तर लोखंडी जाळी घातलेला, सुमारे १५० मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा ओटा करून घ्यावा. तो अंगणापेक्षा किमान वीतभर उंच आणि पाणसळीने तपासलेला असावा, आणि निदान सात दिवस पाणी मारून मुरवल्याशिवाय त्यावर टब चढवू नये. नुसत्या चिऱ्यांच्या फरसबंदीवर किंवा मातीच्या भरावावर टब ठेवला, तर पहिल्या पावसात भराव एका बाजूने बसतो आणि टबाचे कवच पिळले जाते. चारही बाजूंनी माणूस उकिडवा बसून काम करू शकेल इतकी, म्हणजे दोन ते तीन फूट जागा मोकळी सोडा, कारण पंप कोणत्या बाजूचा बिघडेल हे आधी कळत नाही.

आमची सर्वांत महाग पडलेली चूक इथलीच आहे. चित्रात सुंदर दिसतो म्हणून आम्ही टब अर्धा जमिनीत उतरवला होता. जूनमध्ये दोन रात्री संततधार लागली, खड्ड्याच्या तळाशी जांभ्यातून पाणी झिरपत आले आणि सकाळी पंपाची मोटर बुडालेली आढळली. मग चेन-पुली लावून टब वर काढला, नवा ओटा बांधला आणि मोटर बदलली. खड्ड्यातून पाणी उताराने आपोआप बाहेर जाईल अशी वाट नसेल, तर टब जमिनीत उतरवू नका. उपसा पंप लावून भागेल असे सांगणारे भेटतात, पण जोराच्या पावसात पहिल्यांदा जाते ती वीज, आणि तिच्याबरोबर तो पंपही थांबतो.

माडाखालची सावली मोहक असली तरी तिथे टब नको. नारळ राहू द्या, वाळलेली झावळ पडली तरी झाकणाला भोक पडते, आणि झाडाखाली माणसे बसलेली असताना पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, तरी माडावर कसा चढणार? शोषखड्डा आणि विहीर यांच्यापासूनही अंतर राखा. त्याचे कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

२. विजेचे काम घाईने उरकू नका

तीन किलोवॅटचा हीटर आणि दीड-दोन किलोवॅटचा पंप एकदम चालले, तर एकट्या टबाचा भार पाच किलोवॅटच्या घरात जातो. जुन्या घरांचा मंजूर भार अनेकदा एवढाही नसतो. म्हणून वीज बिलावरचा मंजूर भार पाहा आणि गरज असल्यास वीज खात्याकडे भार वाढवण्याचा अर्ज आधी करा. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे आहे. खात्याला द्यावा लागणारा चाचणी अहवालही त्याच्याच सहीचा लागतो.

टबासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढावी. अंतर फार नसेल तर सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपियरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी अशी जोडणी बहुतेक टबांना पुरते. तरीही टबाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडा हाच अंतिम मानावा. पाण्यात बसलेल्या माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली, तर डोळ्याचे पाते लवायच्या आत प्रवाह तोडण्याचे काम आरसीसीबी करतो. साधा एमसीबी ते काम करत नाही, तो वायर जळण्यापासून वाचवतो. टबाजवळ, पण टबात बसून हात पोचणार नाही अशा ठिकाणी, पावसापासून झाकलेला आयसोलेटर, म्हणजे टबाची वीज पूर्ण तोडणारा स्विच असावा. टबाच्या काठापासून साडेतीन मीटरच्या आत साधा प्लग पॉइंट ठेवू नये. मोबाइल चार्जिंगला लावून काठावर ठेवण्याचा मोह मग आपोआप टळतो.

अर्थिंगविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या जमिनीत ते सहज साधत नाही. कोरडा जांभा विजेला सहजासहजी वाट देत नाही. पावसाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याची ओली जमीन तपासली तर मीटरवर रोधाचा छान कमी आकडा येतो, आणि तोच खड्डा मे महिन्यात तपासला की तो आकडा कितीतरी पटींनी वाढलेला दिसतो. म्हणून अर्थिंगची चाचणी एप्रिल-मेमध्ये करून घ्या. ठेकेदाराने नुसते "केलंय" म्हणणे पुरेसे नाही, अर्थ टेस्टर लावून तुमच्यासमोर आकडा वाचून दाखवायला सांगा. टबाजवळचे लोखंडी कठडे, पाइप, शिडी अशा धातूच्या वस्तूही त्याच अर्थिंगला जोडाव्या लागतात.

आता सापळा. पहिल्या पावसात आमचा आरसीसीबी वारंवार पडू लागला. दुरुस्तीला आलेला इलेक्ट्रिशियन अगदी सहज म्हणाला, "हा काढून टाकूया, मग त्रास नाही." तेव्हा आम्ही नकार दिला आणि कंट्रोल बॉक्स उघडायला लावला. आत कनेक्टरवर मुंग्यांनी मातीचे घर केले होते आणि त्याला ओल धरली होती. आरसीसीबी पडतो तेव्हा बहुधा तो आपले काम करत असतो. तो काढून टाकायला सुचवणाऱ्याला चहा देऊन निरोप द्यावा. महिन्यातून एकदा त्यावरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही, तेही पाहावे.

३. कागदपत्रे आणि हाताशी ठेवायच्या वस्तू

अलीकडचे वीज बिल, घरपट्टीची पावती, भार वाढवल्याचा कागद, विद्युत ठेकेदाराचा अहवाल, टबाचे जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड आणि माहितीपुस्तिका एकाच फाइलमध्ये ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल. टबावर पक्के छप्पर किंवा खोली बांधायची असल्यास पंचायतीत अथवा नगरपालिकेत आधी विचारा, आणि किनाऱ्यालगत घर असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाचे नियम पाहा. घर पर्यटकांना भाड्याने देत असाल, तर १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालची नोंदणी असायलाच हवी. टबाचे पाणी तपासल्याची वही तेव्हा दुप्पट महत्त्वाची ठरते, कारण पाहुण्यांच्या तब्येतीची जबाबदारी तुमच्यावर असते.

वस्तू मोजक्याच लागतात. थेंब टाकून पाणी तपासण्याचा संच, पाण्यावर तरंगणारा थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर लावायचा चष्मा, बादली, बागेची नळी आणि फिल्टरचे एक जादा कार्ट्रिज एवढ्यात भागते. रंग बदलणाऱ्या पट्ट्या वापरायला सोप्या असल्या तरी आपल्या दमट हवेत डबा एकदा उघडा राहिला की त्या भरवशाच्या राहत नाहीत. त्या घेतल्याच तर घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात.

आणखी एक काम टब येण्याआधीच उरका. फाटकाची आणि वाटेची रुंदी मोजून ठेवा. आमचा टब उभा करूनही फाटकातून आत येईना. शेवटी शेजाऱ्यांच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, कुंपणाच्या दोन काठ्या काढून, आठ जणांनी तो आत आणला.

४. पहिल्यांदा पाणी भरताना

आमच्या बार्देश तालुक्यात नळाला अस्नोडा प्रकल्पाचे पाणी येते, तिसवाडी-फोंड्याला ओपाचे आणि दक्षिणेत बऱ्याच भागाला साळावलीचे. ते शुद्ध केलेले असते, त्यामुळे नळाला पुरेसा दाब असेल तर तेच भरावे. आमच्यासारखे अनेकजण विहिरीचे पाणी वापरतात. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि त्यात बऱ्याचदा लोह विरघळलेले असते. भरताना ते काचेसारखे स्वच्छ दिसते. आम्ही त्यात क्लोरीन टाकले आणि अर्ध्या तासात सगळा टब कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला. विरघळलेले लोह क्लोरीनमुळे गंजाच्या रूपात बाहेर पडते, त्याचा हा परिणाम होता. विहिरीचे पाणी भरायचे असेल, तर नळीच्या टोकाला कार्ट्रिज फिल्टर लावा आणि क्लोरीनच्या आधी धातू बांधून ठेवणारे औषध टाकून पाणी काही तास फिरू द्या. किनाऱ्याजवळच्या खारट विहिरीचे पाणी टबात अजिबात घालू नका, हीटरला ते सोसत नाही.

नळी फिल्टरच्या खाचेत सोडून भरावे, म्हणजे पाणी आधी पाइपांत शिरते आणि पंपात हवा अडकत नाही. पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत आल्याशिवाय वीज चालू करू नका. कोरडा चाललेला पंप आणि कोरडा तापलेला हीटर वॉरंटीत धरत नाहीत.

किती वेळ लागेल याचा अंदाज सोपा आहे. १,२०० लिटर पाणी २७ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला साधारण १५ युनिट वीज लागते, म्हणजे तीन किलोवॅटच्या हीटरला पाच तास पुरतात. दुपारी झाकण घालून सुरू केले की संध्याकाळी बसता येते.

५. पाणी निरोगी ठेवणे

कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि त्याच कोमट पाण्यात क्लोरीन लवकर संपते. त्यात बुडबुड्यांमुळे बारीक तुषार हवेत उडतात. लिजिओनेला नावाचा जिवाणू अशा तुषारांतून फुप्फुसात जातो आणि गंभीर न्यूमोनिया होतो. १९९९ साली नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेल येथल्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडून ठेवलेल्या एका चालू टबामुळे शेकडो माणसे आजारी पडली आणि किमान ३२ जण दगावले. त्या टबात कोणीही उतरलेले नव्हते, माणसे केवळ जवळून गेली होती. त्यामुळे "आम्ही फारसा वापरतच नाही, औषध कशाला" हा युक्तिवाद इथे चालत नाही. कमी वापरला जाणारा टब अधिक जपावा लागतो.

मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेले) ३ ते ५ पीपीएम, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ आणि क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) ८० ते १२० पीपीएम हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. आधी क्षारता, मग पीएच आणि शेवटी क्लोरीन हा क्रम मोडू नका. मऊ पाण्याची क्षारता वाढवायला खायचा सोडा चालतो. १,२०० लिटरमध्ये सुमारे १०० ग्रॅम सोड्याने ती ५० पीपीएमने वाढते. क्लोरीनसाठी डायक्लोर नावाचे, पाण्यात विरघळणारे क्लोरीनचे दाणे वापरा. तेवढ्याच पाण्यात आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन लहान चमचे टाकले की सुमारे चार पीपीएम क्लोरीन मिळते. पण चमच्यावर न जाता काट्यावर तोलावे. मऊ पाणी फेसाळते आणि हीटरचा धातू खाते, म्हणून कॅल्शियमही १५० ते २५० पीपीएमच्या दरम्यान आणून ठेवावे.

आपल्याकडे हॉटेलांमुळे स्विमिंग पूल सांभाळणारी माणसे सहज मिळतात, आणि इथेच एक सापळा आहे. ती माणसे पूलच्या सवयीने ट्रायक्लोर या दुसऱ्या क्लोरीन औषधाच्या मोठ्या गोळ्या आणतात. त्या अतिशय आम्लधर्मी असतात. टबाच्या छोट्या पाण्यात त्यांनी पीएच कोसळतो आणि गोळी जिथे टेकते तिथे ॲक्रिलिकवर पांढरा डाग कायमचा राहतो. विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही टबासाठी नको. ती पावडर आणि डायक्लोर किंवा ट्रायक्लोर एकत्र आले तर आग लागू शकते, त्यामुळे एकाचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात कधीही घालू नका. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू निघतो. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये. डबे कोरड्या, हवेशीर आणि कुलूपबंद जागी ठेवावेत. पावसाळ्यात गळणारी पडवी ही ती जागा नव्हे.

६. टबात बसताना

तापमान कधीही ४० अंशांच्या वर नेऊ नका. खरे तर आपल्या हवेत ३७ अंश भरपूर होतात, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. गरोदर स्त्रियांनी, हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पाणी किती गरम आहे हे कळतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात घेऊ नये. फेणीचे दोन घोट पोटात असताना गरम पाण्यात रक्तदाब उतरतो, डोळा लागतो आणि माणूस बसल्या जागी घसरतो. ग्लास काठावर ठेवला की तो फुटतोही, आणि काचेचे तुकडे पडले तर सगळे पाणी सोडण्यावाचून इलाज राहत नाही.

पंप जिथून पाणी ओढून घेतो त्या तळाच्या शोषण-जाळीकडे दर वेळी नजर टाका. २००२ साली अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या तळाशी शोषणामुळे अडकून बुडाली. तिच्या नावाने, व्हर्जिनिया ग्रीम बेकर कायदा म्हणून, तिथे २००७ मध्ये सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. टब घेताना शोषणाची तोंडे दोन आहेत आणि जाळ्या फुगीर, न अडकणाऱ्या आहेत याची खात्री करा. जाळी फुटली किंवा सैल झाली, तर बदलेपर्यंत टब बंद ठेवा. लांब केस बांधूनच उतरावे. वापर नसताना झाकणाची कुलपे लावलेली आणि पायऱ्या बाजूला काढलेल्या असाव्यात.

आत उतरण्याआधी साबणाने अंघोळ हवीच. समुद्रावरून येऊन अंगावरच्या वाळू-तेलासह थेट टबात उडी मारणारे पाहुणे मीही पाहिले आहेत. त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या भाच्याच्या पाठीवर लाल पुळ्या उठल्या. टबातल्या जंतूंमुळे उठणारे हे पुरळ अनेकदा पोहण्याचा पोशाख झाकतो त्याच भागावर जास्त असते. त्या दिवशी वहीत क्लोरीनची नोंदच नव्हती.

७. आठवड्याचे काम

फिल्टर आठवड्याला नळीच्या धारेखाली धुवा, महिन्याला फिल्टरच्या औषधात भिजवा आणि वर्षाला बदला. वापराआधी क्लोरीन आणि पीएच तपासा. वापर नसला तरी आठवड्यातून दोनदा तपासाच. दर आठवड्याला एकदा क्लोरीन १० पीपीएमपर्यंत नेऊन झाकण काही वेळ उघडे ठेवा, आणि आकडा पाचाच्या खाली उतरेपर्यंत कोणालाही आत उतरू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये एक वेगळाच प्रकार घडतो. हीटर बंद असूनही पंपाच्या उष्णतेने पाणी तापत जाते आणि झाकणाखाली ते चाळिशी गाठते. गाळण्याच्या फेऱ्या रात्री लावाव्यात आणि त्यांचा वेळ थोडा कमी करावा, मात्र फेऱ्या पूर्ण बंद करू नयेत.

८. पावसाळा

मेच्या अखेरीस ठरवा की टब चालू ठेवायचा की रिकामा करायचा. अर्धवट चालू ठेवलेला टब सर्वांत वाईट, कारण पावसाचे पाणी आत जाऊन औषध पातळ होते आणि डासांना घर मिळते. चालू ठेवायचा असेल तर वर छप्पर हवे. उघड्यावरच्या झाकणाच्या फोममध्ये पाणी मुरते आणि जुलैपर्यंत झाकण दोघांनाही उचलत नाही. ढग गडगडू लागले की बाहेर या आणि आयसोलेटर बंद करा. बोर्डात विजेच्या दाबाचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवलेला असावा. विजा मे-जूनइतक्याच ऑक्टोबरमध्येही कडाडतात, हे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते. कंट्रोल बॉक्स महिन्याला उघडून पाहावा, पण वीज बंद करून आणि आधी कॅबिनेटवर काठी आपटून. त्या उबेला बेडूक येतात, उंदीर येतात आणि त्यांच्या मागावर सापही येतो.

रिकामा करायचा असेल तर पाइपांतले पाणीही ब्लोअरने काढा, फिल्टर वाळवून घरात ठेवा आणि झाकणाखाली हवा खेळेल एवढी फट जाळीने झाकून सोडा.

९. पाणी बदलणे

घरातल्या दोघा-तिघांच्या वापराला दर तीन महिन्यांनी पाणी बदलणे पुरते. डायक्लोरमधून पाण्यात सायन्युरिक ॲसिड साठत जाते आणि मग क्लोरीन आकड्यात दिसूनही नीट काम करत नाही. पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी पाइप साफ करायचे औषध घालून पंप चालवावा. आतला बुळबुळीत थर तेव्हा फेसासह वर येतो. पहिल्यांदा ते पाहिल्यावर आमच्याकडे आठवडाभर कोणी टबात उतरले नव्हते.

हे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. एकदम १,२०० लिटर पाणी गेले की टाकी उसळते आणि क्लोरीनने तिच्यातले उपयोगी जिवाणू मरतात. विहिरीजवळ, शेताच्या बांधावर किंवा ओहोळातही सोडू नका. जांभा सच्छिद्र असल्याने ते पाणी तुमच्याच विहिरीत उतरते, आणि क्लोरीन माशांना मारक असते. झाकण काढून टब दोन-तीन दिवस उन्हात ठेवावा, संचाने तपासून क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मग नळीने थोडे थोडे पाणी दूरच्या माडांना द्यावे. आम्ही एका दिवशी चार माडांपेक्षा जास्त देत नाही, त्यामुळे टब रिकामा व्हायला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी कवच मऊ फडक्याने पुसून, जाळ्यांचे स्क्रू हाताने तपासून, पुन्हा फिल्टरच्या खाचेत नळी सोडायची.